न पोहोचलेलं पत्र: इंग्लंडच्या विधी आयोगाला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सदस्य,
इंग्लंड आणि वेल्सचा विधी आयोग,
लंडन



मी खामगावात राहतो. विदर्भातल्या बुलढाणा जिल्ह्यातलं हे कापसाच्या बाजारपेठेचं गाव. तीस वर्षं मी कायद्याच्या विद्यार्थ्यांना करार कायदा शिकवला, आता निवृत्त आहे. तुमच्या देशाच्या कायद्यात मी का लक्ष घालावं, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे दोन कारणं आहेत. एक सरकी पेंडीचं, दुसरं माझ्या एका विद्यार्थ्याचं.

आधी पेंडीचं सांगतो. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादचे व्यापारी आणि खामगावच्या जिनिंग-तेल गिरणीचे मालक ट्रंककॉलवर बोलले. त्या बोलण्यात सरकी पेंडीचा सौदा पक्का झाला आणि नंतर पेंड मिळाली नाही, असं अहमदाबादकरांचं म्हणणं. त्यांनी ३१,१५० रुपयांचा दावा लावला, तोही अहमदाबादच्या कोर्टात. गिरणीवाल्यांची हरकत अशी, की आम्ही होकार दिला तो खामगावात बसून, तेव्हा दावा अहमदाबादेत कसा? भांडण पेंडीचं, पण ते जाऊन अडलं एका मूलभूत प्रश्नावर. दोन गावांतली माणसं तारेवरून बोलतात तेव्हा करार कुठे जन्मतो? ‘हो’ उच्चारलं तिथे, की ‘हो’ ऐकलं तिथे?

१९६५ साली आमच्या सर्वोच्च न्यायालयाने दोनास एक अशा मताने निकाल दिला, की जिथे ऐकलं तिथे. म्हणजे अहमदाबादेत. हे करताना न्यायमूर्तींनी आधार घेतला तुमच्या लॉर्ड डेनिंग यांच्या १९५५ मधल्या निकालाचा. तो खटला टेलेक्सचा होता, लंडन आणि ॲमस्टरडॅममधल्या कंपन्यांतल्या तांब्याच्या व्यवहाराचा. डेनिंग यांनी त्यात एक चित्र उभं केलं, ते मी दर वर्षी वर्गात फळ्यावर काढत असे. नदीच्या एका काठावरून एक माणूस ओरडून प्रस्ताव देतो. पलीकडचा ओरडून होकार देतो, पण नेमकं तेव्हाच डोक्यावरून विमान जातं आणि त्या आवाजात होकार बुडतो. करार झाला का? नाही. पलीकडच्याने पुन्हा ओरडायला हवं, होकार अलीकडे ऐकू यायला हवा.

आमच्या पेंडीच्या खटल्यात विरोधी मत न्या. हिदायतुल्ला यांचं होतं. ते आमच्या नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकलेले, नागपुरातच वकिली केलेले. त्यांचं म्हणणं असं, की आमच्या १८७२ च्या करार अधिनियमाच्या कलम ४ मध्ये शब्द लिहून ठेवलेले आहेत. स्वीकार देणाऱ्याच्या हातून सुटून प्रस्ताव देणाऱ्याकडे निघाला, की प्रस्ताव देणारा बांधला गेला. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर टेलिफोन नव्हता हे खरं. टेलस्टार आणि अर्ली बर्ड या उपग्रहांची नावंही त्यांच्या मतात येतात. पण शब्द बदलायचे तर ते संसदेने बदलावेत, कोर्टाने नव्हे. माझी ओढ विरोधी मताकडे आहे, हे इथेच सांगून टाकतो. माझ्या गावाचा कैवार म्हणून नाही. नियम खटकत असेल तर तो वाकवून चालवण्यापेक्षा उघडपणे बदलावा, हे त्या मताचं सांगणं मला पटतं, आणि हेच सांगायला मी तुम्हाला लिहितो आहे.

खटकणारा तो नियम, टपालाने दिलेल्या होकाराचा, तुमच्याकडचा आहे, २०० वर्षांहून जुना. त्याचा जन्म तुम्हाला ठाऊकच आहे. तरी आमच्या वाचकांसाठी सांगतो, कारण या कहाणीतली एक गोष्ट पाठ्यपुस्तकांत नेहमी घाईने उरकली जाते.

२ सप्टेंबर १८१७ रोजी हंटिंग्डनशरमधल्या सेंट आइव्ह्जच्या लोकर व्यापाऱ्यांनी ब्रॉम्सग्रोव्हच्या कापड कारखानदारांना पत्र लिहिलं: अमुक लोकर अमुक भावाने देतो, उलट टपाली उत्तर यावं. ब्रॉम्सग्रोव्ह आहे वूस्टरशर परगण्यात. पाकिटावर मात्र त्यांनी लेस्टरशर लिहिलं. पत्र भलतीकडे भटकून ५ तारखेच्या संध्याकाळी पोहोचलं. कारखानदारांनी त्याच संध्याकाळी होकार टपालात टाकला आणि तो ९ तारखेला सेंट आइव्ह्जला पोहोचला. तोवर, आदल्याच दिवशी, लोकर दुसऱ्याला विकून झाली होती. १८१८ मध्ये किंग्ज बेंच न्यायालयाने ठरवलं, की होकार टपालात पडला त्या क्षणी करार झाला. कारण असं दिलं, की होकार पोहोचेपर्यंत करार नाही म्हटलं, तर होकार पोहोचल्याचं कळेपर्यंत स्वीकारणाराही बांधला जाणार नाही, मग ते कळल्याचं कळेपर्यंत पहिला नाही, आणि हे कुठे थांबायचंच नाही.

घाईने उरकली जाणारी गोष्ट आहे तो चुकलेला पत्ता. चूक विकणाऱ्यांची होती. त्यांच्या चुकीचा भुर्दंड कारखानदारांनी का सोसावा? त्या एका खटल्यापुरता न्याय अगदी बरोबर झाला. पण चुकलेल्या पत्त्यामुळे जे न्याय्य होतं, त्याचा बरोबर पत्त्याच्या पत्रांनाही लागू होणारा सार्वत्रिक नियम झाला. पुढे ६१ वर्षांनी तो कुठे जाऊन पोहोचला ते पाहा. स्वॉन्झीच्या एका माणसाने विमा कंपनीच्या १०० समभागांसाठी अर्ज केला. कंपनीने समभाग दिल्याचं पत्र टाकलं. ते त्याला मिळालंच नाही, कधीच नाही. कंपनी बुडाल्यावर लिक्विडेटरने त्याच्याकडून ९४ पौंड १५ शिलिंग मागितले, आणि १८७९ मध्ये अपील न्यायालयाने ठरवलं की तो समभागधारक आहे. टपालखातं दोन्ही पक्षांचा दलाल, दलालाच्या हाती दिलं म्हणजे मालकाला मिळालं, असा युक्तिवाद. न्या. ब्रॅमवेल यांनी विरोधी मत दिलं: जे पोहोचलंच नाही ते कळवणं कसलं? त्यांच्या मताचा तो भाग मी विद्यार्थ्यांकडून दोनदा वाचून घेत असे.

दलालाचा हा युक्तिवाद बाजाराच्या गावात वाढलेल्या माणसाला पटत नाही. आमच्याकडच्या बैलबाजारात पूर्वी सौदा रुमालाखाली व्हायचा, त्याला हत्ता म्हणतात. दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव विचारतो, समोरचा बोटं दाबूनच उत्तर देतो, जमलं की हात तसाच घट्ट धरला जातो. या पद्धतीत शेतकरी नाडला जायचा, उघड लिलाव आले ते योग्यच झालं. पण तिथे कळणं आणि ठरणं एकाच पकडीत व्हायचं. दलालाला भाव सांगितला आणि दलाल वाटेतून परस्पर निघून गेला, तर सौदा झाला असं त्या बाजारात कुणी म्हटलं नसतं. टपालखातं माझं पत्र वाचत नाही, माझ्या वतीने बोलत नाही, हमी घेत नाही. ते फक्त वाहून नेतं.

आता विद्यार्थ्याचं. तो माझ्याकडे पाच वर्षं शिकला, पण वकिली केली नाही. इंग्लंडमध्ये जाऊन त्याने खाणावळ काढली. बंद पडत असलेल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरातलं सामान, शेगड्या, फ्रीझर, मोठी भांडी, विकत घ्यायची त्याची इच्छा होती. त्या लोकांनी मागितलं म्हणून त्याने रीतसर टपालाने लेखी प्रस्ताव पाठवला, किंमत लिहिली, राहत्या घराचा पत्ता लिहिला. त्याचं घर म्हणजे एका जुन्या इमारतीतली खोली. खालच्या दारात सगळ्या भाडेकरूंचं टपाल एकाच ढिगात पडतं. तीन आठवडे उत्तर आलं नाही, तेव्हा त्याने दुसरीकडून सामान घेतलं. मग एक दिवस वकिलाची नोटीस आली: तुमचा प्रस्ताव आम्ही अमुक तारखेला टपालाने स्वीकारला, सामान उचला, पैसे भरा. स्वीकाराचं पत्र त्याने डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. तिथल्या वकिलाने सांगितलं, की पत्र टाकल्याचा पुरावा त्यांच्याकडे असेल तर तुमची बाजू लंगडी आहे, खटल्याचा खर्च पेलणार नाही, तडजोड करा. त्याने केली. त्या रात्री त्याने मला फोन केला. म्हणाला, “सर, तुम्ही हे आम्हाला शिकवलं होतं. मला वाटायचं, हे परीक्षेपुरतं आहे.”

माझ्या मनात रुतून बसलं ते हेच वाक्य. हा नियम मीही परीक्षेपुरताच शिकवत होतो. खटले सांगायचे, लोकर सांगायची, मुलं हसायची, पुढच्या धड्याला जायचं. या नियमाखाली आजही कुणी तरी पैसे भरतं, हे माझ्या शिकवण्यात कधी आलं नाही.

तुमच्या कायद्यात प्रस्ताव आणि स्वीकार यांची जी बांधणी आहे, तिच्याबद्दल माझ्या मनात मोठा आदर आहे. तो आदर आहे म्हणूनच हा एक चिरा मला टोचतो. दुकानाच्या काचेत चाकू ठेवला म्हणजे तो विकायचा प्रस्ताव झाला नाही, गिऱ्हाइकाला बोलवणं झालं, हे १९६० मध्ये ब्रिस्टलच्या खटल्यात ठरलं. गिऱ्हाईक वस्तू गल्ल्यावर नेतं तेव्हा प्रस्ताव ते देतं, हे बूट्सच्या दुकानाबद्दलच्या १९५३ च्या खटल्यात. विचारपूस वेगळी आणि होकार वेगळा. १,००० पौंडांच्या प्रस्तावाला ९५० म्हटलं की मूळ प्रस्ताव मेला, मग मागाहून १,००० द्यायला तयार झालात तरी तो उठत नाही. मौन म्हणजे होकार नाही. आणि १८९२ मधला तो धुराच्या गोळीचा खटला: दिवसातून तीन वेळा, दोन आठवडे गोळी वापरूनही इन्फ्लुएन्झा झाला तर १०० पौंड देऊ, असं जाहिरातीत छापून, वर १,००० पौंड बँकेत ठेवल्याचं सांगून, नंतर ती नुसती बढाई होती म्हणायला कंपनी मोकळी नव्हती. दावा लावणाऱ्या बाईंनी जाहिरातीत सांगितलं तसं केलं, तोच स्वीकार. या सगळ्या नियमांत एक धागा आहे. समोरच्या समजूतदार माणसाला तुमच्या बोलण्या-वागण्यावरून जे दिसलं, त्याला तुम्ही बांधले जाता. टपालाच्या नियमात हा धागा तुटतो. तिथे माणूस बांधला जातो तो त्याला न दिसलेल्या गोष्टीने.

या नियमाच्या बाजूने एक गोष्ट मात्र खरोखर वजनदार आहे, आणि ती मी टाळणार नाही. होकाराचं पत्र टाकल्यावर ते वाटेत असताना प्रस्ताव देणाऱ्याने मागे फिरावं, हे अन्यायाचं आहे. पत्र टाकणारा तेवढ्यात कामाला लागलेला असतो, माल बांधतो, दुसरी गिऱ्हाइकं सोडतो. १८८० च्या खटल्यात कार्डिफहून न्यू यॉर्कला कथिलाच्या पत्र्यांच्या १,००० पेट्यांचा प्रस्ताव गेला होता. कार्डिफकरांनी ८ ऑक्टोबरला माघारीचं पत्र टाकलं. ते समुद्रावर असतानाच ११ तारखेला न्यू यॉर्ककरांनी तारेने होकार दिला. माघार पोहोचली २० तारखेला. कोर्टाने करार झाला असं ठरवलं, आणि माघार पोहोचल्याशिवाय लागू होत नाही हेही ठरवलं. अगदी योग्य. पण इथे दोन वेगळे प्रश्न एका गाठीत अडकले आहेत: पत्र निघाल्यावर माघार घेता यावी का, आणि पत्र हरवलं तर नुकसान कुणाचं. पहिल्याचं उत्तर स्वीकारणाऱ्याच्या बाजूने द्यावं. दुसऱ्याचं उत्तर पाठवणाऱ्यावर टाकावं, कारण साधन निवडणारा तो, पोच मागू शकणारा तो, आणि उत्तर आलं नाही तर पुन्हा विचारू शकणाराही तोच.

हे माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. आंतरराष्ट्रीय माल विक्रीबद्दलच्या १९८० च्या व्हिएन्ना करारनाम्यात नेमकं हेच आहे. स्वीकार पोहोचल्यावर करार होतो, पण स्वीकार रवाना झाल्यावर प्रस्ताव मागे घेता येत नाही. गाठ सुटली. तो करारनामा ना तुम्ही मान्य केला आहे, ना आम्ही. तुमच्या शेजारचं उदाहरण तर आणखी जवळचं. स्कॉटलंडच्या विधी आयोगाने १९९३ च्या अहवालात आणि पुन्हा २०१८ मध्ये, विधेयकाच्या मसुद्यासह, टपालाचा नियम रद्द करावा अशी शिफारस केली. एकाच बेटावरचे दोन आयोग, एकच जुना नियम, आणि त्यावर बोलला तो फक्त एडिंबराचा.

तुमच्या आयोगाकडे हा विषय नवा नाही. १९६५ च्या ज्या कायद्याने तुमची स्थापना झाली, त्यानेच संहितीकरण हे तुमचं काम ठरवलं. पहिल्याच कार्यक्रमात करार कायदा होता. हार्वे मॅकग्रेगर यांनी तुमच्यासाठी पूर्ण संहिता लिहिली. ती बाजूला पडली आणि छापून आली १९९३ मध्ये. तुमच्याच देशाने आम्हाला १८७२ मध्ये करार कायद्याची संहिता दिली आणि स्वतःला मात्र दिली नाही, याचं मला विद्यार्थिदशेपासून नवल वाटत आलं आहे. आमच्या संहितेत तुमचा टपालाचा नियम आला, पण जरा बदलून: पत्र टाकताच प्रस्ताव देणारा बांधला जातो, स्वीकारणारा मात्र पत्र पोहोचेपर्यंत मोकळा, हवं तर फोन करून माघार घेऊ शकतो. आमच्या कलम ४ ला दुरुस्ती हवी आहे, आणि ती आमच्या संसदेने करायची आहे. तुम्ही बदललात म्हणून ती आपोआप होणार नाही. पण १९६५ चा पेंडीचा खटला सांगतो, की तुमच्याकडची वाट आमच्याकडे पाहिली जाते.

टपाल आता उरलंय कुठे, असं कुणी म्हणेल. जुलै २०२५ पासून तुमच्याकडे दुसऱ्या वर्गाची पत्रं एक दिवसाआड वाटायला मुभा मिळाली आहे, शनिवारी ती वाटण्याचं बंधनच नाही. म्हणजे पत्र टाकणं आणि मिळणं यांतलं अंतर वाढतं आहे, आणि त्या अंतराचा सगळा धोका ज्याला काहीच ठाऊक नाही त्याच्यावर आहे. शिवाय जुना नियम कागदावर असेपर्यंत नव्या साधनांबद्दलची शंका फिटत नाही. २०१० मध्ये न्या. ब्लेअर यांनी शुक्रवारी संध्याकाळी सहाला गेलेल्या ईमेलचा विचार करताना सांगितलं, की ईमेलला टपालाचा नियम लागू नसावा. पण निकाल त्या मुद्द्यावर टेकलेला नव्हता. २००२ च्या इलेक्ट्रॉनिक व्यापाराच्या नियमांत ऑर्डर पोहोचली केव्हा धरायची ते लिहिलं आहे, पण केवळ ईमेलच्या देवाणघेवाणीने झालेले करार त्यातून वगळले आहेत. दरम्यान माणसं करार करतच आहेत. गोव्याच्या एका खाण कंपनीने जहाजाच्या भाडेकरारासाठी दिलेली हमी ईमेलच्या साखळीतून आणि शेवटी टाइप केलेल्या नावातून बांधली गेली, असं तुमच्या अपील न्यायालयाने २०१२ मध्ये ठरवलं. २०२५ मध्ये नॉरिचमधल्या जुन्या नाइटक्लबच्या पाडकामाचा करार व्हॉट्सॲपवरच्या संदेशांतून झाला, असाही निकाल आला. व्हॉट्सॲपवर प्रस्ताव आणि घरच्या पत्त्यावर टपालाने स्वीकार, असा प्रसंग उद्या येईल. त्याला कुठला नियम लावायचा?

एक जोड मागणी आहे, ती थोडक्यात मांडतो. “शुक्रवारी सकाळी नऊपर्यंत प्रस्ताव खुला ठेवतो” असं लिहून दिलेलं वचनही तुमच्याकडे मोबदल्याशिवाय बांधत नाही, हे १८७६ पासून ठरलेलं आहे. आमच्याकडे लोक यावर इसार देऊन मार्ग काढतात, इसारपावती झाली की माणूस निर्धास्त. पण प्रस्ताव खुला ठेवण्याची ठरावीक मुदत दिली असेल तर ती मोबदल्याशिवायही पाळावी, असं १९३७ मध्ये तुमच्याकडच्या कायदा सुधारणा समितीने सुचवलं होतं, आणि १९७५ मध्ये तुमच्याच आयोगाने यावर टिपण काढलं होतं. ते टिपण पुन्हा उघडा.

मुख्य मागणी मात्र चार वाक्यांची आहे. स्वीकार प्रस्ताव देणाऱ्याकडे पोहोचल्यावर लागू व्हावा, साधन कुठलंही असो. पोहोचला म्हणजे त्याच्या हाती पडला किंवा त्याने स्वतः दिलेल्या जागी, त्याला वाचता येईल असा आला. स्वीकार रवाना झाल्यावर प्रस्ताव मागे घेता येऊ नये. वेळेत पोहोचला नाही तर करार नाही, आणि पाठवणाऱ्याने पोच विचारावी.

माझ्या विद्यार्थ्याने त्याच्या प्रस्तावाची प्रत, ती नोटीस आणि तडजोडीचा कागद जपून ठेवले आहेत. नावं झाकून ते आयोगाला द्यायला तो तयार आहे. तुम्ही या विषयावर मतं मागवलीत, तर त्याच्या आणि माझ्या दोघांच्याही सह्यांचं निवेदन त्याच आठवड्यात तुमच्याकडे येईल.

आपला,
करार कायद्याचा एक निवृत्त शिक्षक,
खामगाव